कॉम्प्युटरची पदवी : किती कर्ज पेलेल?

बारावीचा आणि सीईटीचा निकाल लागला की बीड, अंबाजोगाई, परळी, माजलगाव, गेवराईतल्या घराघरांत एकच चर्चा सुरू होते. पोराला किंवा पोरीला कॉम्प्युटरला टाकायचंय, पैसे कुठून उभे करायचे? मग कुणी कॉलेजची फी विचारतं, कुणी बँक किती कर्ज देते ते विचारतं, आणि या दोन आकड्यांची जुळवाजुळव झाली की प्रवेश पक्का होतो. माझं आग्रहाचं सांगणं आहे की हिशेब या टोकाकडून सुरू करू नका. आधी पदवीनंतर पहिल्या वर्षी हातात किती पगार येईल ते पाहा. त्यातून दरमहा किती हप्ता निघू शकतो ते काढा. त्या हप्त्यात जेवढं कर्ज बसेल, तेवढंच घ्या. फी त्याहून जास्त असेल तर कर्ज वाढवायचं नाही, खर्च कमी करायचा. तो कमी करण्याच्या वाटा आज आहेत आणि त्या बऱ्याच जणांना ठाऊक नसतात.

आपल्या जिल्ह्याला हे वेगळं समजावायची गरज नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबाला उचल म्हणजे काय ते पक्कं माहीत असतं. हंगामाआधी मुकादमाकडून रक्कम घ्यायची, कोयता घेऊन कारखान्यावर जायचं आणि हंगामाअखेर पट्टा पडेपर्यंत ती तोडीतून फेडायची. फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामाच्या डोक्यावर. शैक्षणिक कर्ज हीसुद्धा अजून न केलेल्या कामावरची उचलच आहे. फरक इतकाच की इथे अटी कागदावर असतात, व्याज ठरलेलं असतं आणि किती उचलायचं हे आपल्या हातात असतं.

पहिला पगार : पॅकेज वेगळं, हातात येणारं वेगळं

कॉलेजच्या फ्लेक्सवर सगळ्यात मोठ्या पॅकेजचा आकडा असतो. तो एखाद्या मुलाचा असतो. तुम्हाला हिशेब करायचाय तो वर्गातल्या मधल्या मुलाचा. मोठ्या आयटी कंपन्या नव्या इंजिनिअरांची सर्वात जास्त भरती ज्या पातळीवर करतात, तिथे वर्षाचं पॅकेज साडेतीन लाखांच्या आसपास असतं. टीसीएसमध्ये ‘निंजा’ पातळीला ३.३६ लाख आणि इन्फोसिसमध्ये सिस्टीम इंजिनिअरला ३.६ लाख, हे आकडे गेली काही वर्षं सर्वांना माहीत आहेत. या पातळीचा पगार दहा-बारा वर्षांत जेमतेम हलला, फी आणि पुण्यातलं घरभाडं मात्र हललं. ‘डिजिटल’, ‘प्राइम’ अशा वरच्या पातळ्यांना सात लाख किंवा त्याहून जास्त मिळतात, पण त्यासाठी कोडिंगची अवघड परीक्षा पार करावी लागते.

३.३६ लाखांना बारानं भागलं की २८ हजार येतात, पण तेवढे हातात पडत नाहीत. पॅकेजमध्ये भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, विमा आणि कामगिरीवर अवलंबून असणारी रक्कमही धरलेली असते. खात्यावर साधारण २२ ते २५ हजार जमा होतात. हिंजवडी, वाकड किंवा खराडीला खोली वाटून घेतली तरी भाडं, मेस, प्रवास, फोन आणि गावाकडे येणं-जाणं यात बारा-चौदा हजार जातात. उरलेल्या दहा हजारांत हप्ता, आजारपण आणि घरी पाठवायचे पैसे, सगळंच बसवायचं असतं.

आणखी एक गोष्ट धरून चाला. ऑफर लेटर मिळालं म्हणजे पगार लगेच सुरू झाला, असं नसतं. २०२२ च्या बॅचमधल्या इन्फोसिसच्या अनेक उमेदवारांना रुजू व्हायला दोनेक वर्षं वाट पाहावी लागली. २०२३ च्या सुरुवातीला विप्रोनं साडेसहा लाखांची ऑफर दिलेल्या नव्या मुलांना साडेतीन लाखांवर यायला तयार आहात का, असं विचारलं. शिवाय २०२४-२५ पासून एआयसीटीईनं चांगल्या कॉलेजांवरची प्रवेशसंख्येची मर्यादा काढल्यावर कॉम्प्युटर, एआय, डेटा सायन्सच्या जागा वाढल्या. नुसत्या पदवीचं वेगळेपण त्यामुळे कमी झालंय. म्हणून हिशेब साडेतीन लाखांवरच मांडा. जास्त मिळाले तर कर्ज लवकर फिटेल.

शिकत असतानाच कर्ज वाढत जातं

कर्जाचा हप्ता कोर्स संपल्यावर एका वर्षानं सुरू होतो. पण व्याज पहिली रक्कम कॉलेजला गेली त्या दिवसापासून लागतं. या काळात व्याज सरळ पद्धतीनं मोजतात आणि हप्ता सुरू होताना मुद्दलात मिळवतात.

आकडे मांडून पाहू. समजा पुण्यातल्या एका खासगी कॉलेजात वर्षाला १,२०,००० रुपये शिकवणी शुल्क, विकास व इतर शुल्क १५,००० आणि होस्टेल-मेसचे ९०,००० रुपये आहेत. वर्षाचे २.२५ लाख, चार वर्षांचे ९ लाख. सगळं कर्जानं उभं केलं, व्याज १० टक्के धरलं आणि दर वर्षाच्या सुरुवातीला पैसे उचलले, तर हप्ता सुरू होईपर्यंत ३.१५ लाख व्याज होतं. कर्ज होतं १२.१५ लाख. दहा वर्षांत फेडायचं तर महिन्याला सुमारे १६,०५० रुपये आणि एकूण १९ लाखांहून जास्त. पंधरा वर्षं घेतली तर हप्ता १३,०५० वर येतो, पण एकूण भरणा साडेतेवीस लाखांपर्यंत जातो. चोवीस हजार हातात येणाऱ्या मुलाला यातलं काहीच पेलणार नाही. शिवाय कर्ज साडेसात लाखांपुढे गेलं की बँक साधारणपणे तारण मागते, आणि आपल्याकडे तारण म्हणजे बहुतेकदा जमीन.

पेलणारी मर्यादा

हप्ता हातात येणाऱ्या पगाराच्या एक तृतीयांशापुढे जाऊ देऊ नका. चोवीस हजारांचा एक तृतीयांश म्हणजे आठ हजार. दहा वर्षांच्या मुदतीत आठ हजारांच्या हप्त्यात सुमारे सहा लाखांचं कर्ज बसतं, आणि ते हप्ता सुरू होतानाचं कर्ज आहे. व्याज वजा करून मागे आलं की मूळ कर्ज साडेचार लाख निघतं. साध्या कॉलेजातून कॉम्प्युटरची पदवी घेणाऱ्या मुलासाठी मी हीच वरची मर्यादा मानतो : चार ते साडेचार लाख. घरात दुसरं मूल शिकायचं असेल, बहिणीचं लग्न जवळ असेल किंवा पीककर्ज थकलेलं असेल, तर त्याहूनही खाली राहा.

एखाद्या आयआयटी, एनआयटी, पुण्याच्या सीओईपी किंवा मुंबईच्या व्हीजेटीआयसारख्या ठिकाणी नंबर लागला तर मर्यादा सैल करता येते, कारण तिथे मधल्या मुलाचा पगारच वर असतो. फक्त नाव मोठं आहे म्हणून मर्यादा वाढवू नका, आकडा पाहून वाढवा.

खर्च कमी करण्याच्या वाटा

पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची अट : प्रवेश सीईटी सेलच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राऊंडमधून घ्या. सरकारी शुल्क सवलती याच प्रवेशांना लागू होतात. मॅनेजमेंट कोट्यातून गेलात की फी जास्त आणि सवलत शून्य. कुणी एजंट ‘जागा अडवून ठेवतो, आधी पन्नास हजार द्या’ म्हणाला तर तिथून उठा. कॉलेजची अधिकृत फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर पाहता येते. ती पाहूनच पर्यायांचा क्रम भरा.

मुलींसाठी मोठी सवलत आहे. २०२४-२५ पासून आर्थिक दुर्बल घटक, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिकवणी शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. मुलीला ‘इंजिनिअरिंग परवडत नाही’ म्हणून बी.ए.ला टाकणाऱ्या घरांनी हा हिशेब पुन्हा करावा.

मुलांना राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीतून, किंवा ओबीसी असल्यास त्या प्रवर्गाच्या योजनेतून, शिकवणी शुल्काच्या निम्मी रक्कम मिळते. विमुक्त जाती व भटक्या जमातींच्या विद्यार्थ्यांना शिकवणी शुल्काची पूर्ण भरपाई आहे. भटक्या जमाती (ड) मधला वंजारी समाजही त्यात येतो. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या वर असेल तर फ्रीशिप. याशिवाय प्रत्येक शाखेत टीएफडब्ल्यूएसच्या, म्हणजे शिकवणी शुल्क माफी योजनेच्या, पाच टक्के जास्तीच्या जागा असतात. उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या गुणवान मुलांचं शिकवणी शुल्क तिथे माफ होतं. पर्याय भरताना त्या जागेचा वेगळा कोड टाकावा लागतो. तो टाकायचा राहिला म्हणून संधी हुकलेली मुलं दरवर्षी भेटतात.

राहण्या-जेवणासाठीही योजना आहेत. अनुसूचित जातींसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. ओबीसी, विमुक्त-भटक्या आणि विशेष मागास प्रवर्गासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. वसतिगृहात जागा न मिळालेल्या पात्र विद्यार्थ्याला पुण्या-मुंबईसारख्या शहरात वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत मिळतात. जागा मर्यादित असतात आणि निवड गुणांवर होते. खुल्या प्रवर्गातल्या आणि एसईबीसीच्या मुलांनी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्त्याचा अर्ज करावा. ऊसतोड कामगारांच्या शाळकरी मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृहं आहेत. घरात धाकटी भावंडं असतील तर त्यांचा खर्च तिथे वाचतो, आणि तो पैसा मोठ्याच्या शिक्षणाला लागतो.

आता वरच्याच कॉलेजचा हिशेब पुन्हा मांडू. ९ लाखांचा खर्च निम्मं शिकवणी शुल्क मिळालेल्या मुलासाठी ६.६ लाख होतो. पूर्ण माफी असलेल्या मुलीसाठी किंवा भटक्या जमातीतल्या मुलासाठी तो ४.२ लाख होतो आणि दहा वर्षांचा हप्ता साडेसात हजारांवर येतो. आधार योजनेचे ६०,००० दरवर्षी मिळाले तर खर्च १.८ लाखांवर उतरतो आणि हप्ता ३,२०० च्या घरात येतो. कॉलेज तेच, पदवी तीच. मधला फरक केवळ कागदपत्रांनी केला.

म्हणून कागद आधी. उत्पन्नाचा दाखला, रहिवास, जातीचा दाखला, नॉन क्रिमीलेअर आणि जात वैधता प्रमाणपत्र अकरावीतच काढायला घ्या. निकालानंतर सेतू केंद्रावर आणि पडताळणी समितीच्या दारात रांगा लागतात. वैधता वेळेत आली नाही तर राखीव जागाही जाते आणि सवलतही. आधार बँक खात्याला जोडलेलं आहे का ते पाहा, कारण महाडीबीटी पोर्टलवरून मिळणारे शिष्यवृत्तीचे पैसे त्याच खात्यात येतात. बऱ्याच योजनांत ही रक्कम पुढे कॉलेजला भरायची असते. ती घरखर्चात वापरली की शेवटच्या वर्षी निकाल आणि दाखला अडतो.

फीच्या पावतीवरच्या ओळीही वाचा. माफी शिकवणी शुल्काची असते. विकास शुल्क, ग्रंथालय, अनामत रक्कम, होस्टेल यांच्या ओळी वेगळ्या असतात आणि त्या भराव्या लागतात. ‘सगळं फुकट’ समजून गेलेल्या पालकांना पहिला धक्का इथेच बसतो.

पुणं की आपला परिसर?

कंपन्या पुण्यात आहेत, म्हणून शिक्षणही पुण्यातच हवं असं नाही. छत्रपती संभाजीनगरचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आणि नांदेडचं एसजीजीएस या मराठवाड्यातल्या दोन संस्थांत कॉम्प्युटरला नंबर लागत असेल, तर पुण्यातल्या साध्या खासगी कॉलेजपेक्षा मी त्यांना वर ठेवीन. अंबाजोगाईचं एम.बी.ई. सोसायटीचं कॉलेज लोणेऱ्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाला जोडलेलं आहे. घरून किंवा जवळच्या खोलीतून शिकलं तर चार वर्षांत होस्टेलचे दोन-तीन लाख वाचतात. टीसीएसची एनक्यूटी किंवा विप्रोची एलिट परीक्षा अंबाजोगाईचा विद्यार्थी आणि पुण्याचा विद्यार्थी दोघंही देऊ शकतात. अशा भरतीत साधारणपणे दहावी, बारावी आणि पदवीला ६० टक्के लागतात. तेवढं सांभाळा.

कॉलेज कुठलंही असो, तीन आकडे मागा. शाखेत किती मुलं होती, त्यातल्या किती जणांना नेमणूकपत्र मिळालं आणि मधला पगार किती. मधला पगार म्हणजे साठ मुलं पगाराप्रमाणे ओळीत उभी केली तर तिसाव्या जागेवरच्या मुलाचा पगार. केंद्राच्या एनआयआरएफ क्रमवारीत भाग घेणाऱ्या कॉलेजला ही माहिती आपल्या संकेतस्थळावर टाकावी लागते. तिथे शोधा. आकडा मिळत नसेल तर त्या कॉलेजच्या दोन वर्षं जुन्या विद्यार्थ्यांना गाठून विचारा.

दहावीनंतरचीही एक स्वस्त वाट आहे. शासकीय तंत्रनिकेतनात कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेतला, तर पदवीची तीनच वर्षं उरतात. बीसीए किंवा बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सही कमी लेखू नका. ही पदवी तीन वर्षांत होते. विप्रो बीसीए-बी.एस्सी. झालेल्यांना नोकरी करत एम.टेक. करायची सोयही देते.

बँकेत गेल्यावर

विद्यालक्ष्मी पोर्टलवरून अर्ज करा आणि अर्जाचा क्रमांक जपून ठेवा. चार लाखांपर्यंतच्या कर्जाला बँकेनं तारण मागू नये. साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला केंद्राच्या पतहमी निधीचं संरक्षण आहे. शाखेनं तोंडी नकार दिला तर लेखी कारण मागा आणि जिल्हा अग्रणी बँक व्यवस्थापकाकडे जा.

कुटुंबाचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर केंद्राच्या व्याज अनुदान योजनेबद्दल सही करण्याआधी विचारा. पात्र संस्थेत शिकत असाल तर कोर्स आणि नंतरच्या एक वर्षाचं पूर्ण व्याज सरकार भरतं. त्यासाठी कॉलेजला नॅक किंवा कोर्सला एनबीए मानांकन असावं लागतं. प्रवेशाआधीच ते तपासा. वरच्या मुलीचं ४.२ लाखांचं कर्ज अशा वेळी ५.६७ लाख होण्याऐवजी ४.२ लाखच राहतं आणि हप्ता साडेपाच हजारांवर येतो. निवडक नामांकित संस्थांत प्रवेश मिळाला तर नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेली पीएम-विद्यालक्ष्मी योजना विनातारण कर्ज देते. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना तीत व्याजात तीन टक्के सवलत आहे. ओबीसी महामंडळ आणि वसंतराव नाईक महामंडळाकडेही शैक्षणिक कर्जाच्या व्याज परताव्याच्या योजना आहेत. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांनी मौलाना आझाद महामंडळाकडे चौकशी करावी.

मंजूर झालेली सगळी रक्कम उचलायचं बंधन नसतं. शिष्यवृत्ती उशिरा येते म्हणून मंजुरी पुरेशी घ्या, पण दर वर्षी लागेल तेवढंच उचला. शिकत असताना जमेल तेवढं व्याज भरत राहा. पहिल्या वर्षी लाखभर कर्ज असेल तर दरमहा आठ-नऊशे रुपयेच होतात, आणि बऱ्याच बँका त्यासाठी व्याजदरात सवलत देतात. फीसाठी सावकाराकडे मात्र जाऊ नका. दरमहा शेकडा तीन म्हणजे वर्षाचे छत्तीस टक्के. दोन लाखांवर महिन्याला सहा हजार नुसतं व्याज जातं आणि मुद्दल जागचं हलत नाही.

चार वर्षांत पगार वाढवायचा

कर्ज पेलायचा दुसरा उपाय म्हणजे पहिला पगारच वर नेणं. पहिल्या वर्षापासून एक प्रोग्रामिंग भाषा नीट शिका. दुसऱ्या वर्षी डेटा स्ट्रक्चर्स आणि डेटाबेस. तिसऱ्या वर्षी चालणारा, दुसऱ्याला दाखवता येईल असा एक प्रकल्प : गावातल्या दूध संकलन केंद्राचा हिशेब किंवा कृषी सेवा केंद्राचा साठा सांभाळणारं ॲप. मुलाखतीत उसनवारीच्या प्रकल्पापेक्षा असं काम जास्त बोलतं. आयआयटीच्या प्राध्यापकांचे एनपीटीईएलवरचे वर्ग फुकट आहेत. इंग्रजीत बोलायचा सराव रोज करा. साडेतीन आणि सात लाखांच्या पातळ्यांमधलं अंतर याच सवयींनी कापलं जातं. पैसे घेऊन नोकरीची हमी देणाऱ्या किंवा खोटा अनुभव दाखवायला सांगणाऱ्या क्लासपासून दूर राहा. पडताळणीत ते उघड होतं आणि नोकरी जाते.

नोकरी लांबली तर पहिला हप्ता चुकण्याआधी बँकेत जाऊन मुदत वाढवून मागा. हप्ता थकला की मुलाबरोबर सहकर्जदार वडिलांचंही पतगुणांकन घसरतं, आणि पुढच्या वर्षीचं पीककर्जही अडू शकतं.

या आठवड्यात घरातल्या सगळ्यांनी मिळून एका कागदावर पाच ओळी लिहा : चार वर्षांचा एकूण खर्च, लागू होणाऱ्या सवलती, उरणारी रक्कम, तिच्यावरच्या व्याजासह हप्ता आणि मधला पगार. हप्ता हातात येणाऱ्या पगाराच्या एक तृतीयांशात बसत असेल तर निर्धास्त प्रवेश घ्या. बसत नसेल तर कॉलेज बदला, वाट बदला, पण मुलाचं शिक्षण थांबवू नका आणि जमीन गहाण टाकू नका. या जिल्ह्यातल्या मुलांना कष्टांची भीती नाही. त्यांच्या पहिल्या दहा वर्षांच्या कमाईवर आधीच कुणाचा हक्क लागलेला नसेल, एवढी काळजी आपण घ्यायची आहे.